आधी रस्ता, मग नळी

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखली, तळवडे, भोसरी या पट्ट्यातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये एखादा सुटा भाग करून घ्यायला गेलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ड्रॉइंग आहे का? दुसरा प्रश्न, भाग कुठे बसणार. मटेरियलची गोष्ट तिसऱ्या नंबरवर येते आणि रंगाबद्दल कोणी शेवटापर्यंत बोलत नाही. हीच माणसं स्वतःसाठी पोलादी सायकल बांधून घ्यायला निघाली की क्रम नेमका उलटतो. रंग आधी ठरतो, मग नळीवरचं स्टिकर, म्हणजे रेनॉल्ड्स की कोलंबस. मग कुठल्याशा परदेशी सायकलीचा फोटो पुढे केला जातो आणि ‘अगदी अशीच’ म्हटलं की ऑर्डर झाली. सायकल कोणत्या रस्त्यावर चालणार, पावसात उघड्यावर उभी राहणार का, मागे डबा जाणार की दोन पिशव्या, पाच वर्षांनी तिचं बेअरिंग कुठे मिळणार, हे प्रश्न फ्रेम रंगून घरी आल्यावर सुचतात. हा क्रम सरळ केला तर ऑर्डर स्वस्त होईलच असं नाही, पण चुकणार नाही. आणि तो सरळ करायला सायकलीचं शास्त्र शिकावं लागत नाही. इथल्या कारखान्यांत रोज चालते ती शिस्त पुरते.

सायकलीचे भाग दोन जातींचे असतात. हँडल, स्टेम, सीट, पायडल, चाकं, टायर, गिअर हे नटबोल्टने बसतं आणि पान्याने निघतं. आज चुकलं तर पुढच्या पगारात सुधारता येतं. दुसऱ्या जातीत वरच्या दांडीची लांबी, हँडलच्या हेडची उंची आणि कोन, पायडलच्या आसाची जमिनीपासूनची उंची, तिथून मागच्या चाकापर्यंतचं अंतर, टायरभोवती उरलेली जागा, डिस्क ब्रेक धरणारा कान, एक्सल बसायची खाच म्हणजे ड्रॉपआउट, तळाच्या बेअरिंगचे आटे आणि मडगार्ड-कॅरिअरसाठी बसवलेली भोकं येतात. हे एकदा कापून-जोडून झालं की झालं. पोलाद दुरुस्त होतं हे खरं, आणि त्याचं मोठं सुख तेच आहे: वाकलेला कान सरळ करता येतो, फाटलेली नळी काढून दुसरी घालता येते. पण दुरुस्ती वेगळी आणि मूळ माप बदलणं वेगळं. ज्या गोष्टी नंतर बदलत नाहीत त्यांवर सगळी डोकेफोड करायची आणि बदलणाऱ्या गोष्टी बाजूला ठेवायच्या, इतका साधा हिशेब आहे. गंमत अशी की चर्चा बहुतेक पहिल्या जातीची होते, कारण ती फोटोत दिसते.

पोलादाच्या नावाला जेवढं वजन दिलं जातं तेवढं त्याला नाही, हे मान्य करायला जड जातं. बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड रेनॉल्ड्स खिळ्यांच्या धंद्यातले. १८९७ मध्ये त्यांनी दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. सांध्याजवळ ताण जास्त, तिथे धातू जास्त. मधल्या भागात ताण कमी, तिथे धातू कमी. यालाच ‘बटेड’ नळी म्हणतात आणि सव्वाशे वर्षांनंतरही चांगल्या पोलादी फ्रेमचा पाया तोच आहे. पुढे १९३५ मध्ये मँगनीज-मॉलिब्डेनमचं ‘५३१’ आलं, १९९५ मध्ये जोडल्यावर हवेत थंड होताना आणखी कणखर होणारं ‘८५३’ आलं. क्रोमोली म्हणून ओळखलं जाणारं ‘४१३०’ तर इथल्या इंजिनिअरांना नवं नाही. सुमारे एक टक्का क्रोमियम आणि चिमूटभर मॉलिब्डेनम असलेलं हे पोलाद शर्यतीच्या गाड्यांच्या रोल केजमध्येही वापरतात. या सगळ्यांची मजबुती वेगवेगळी आहे, पण ताठपणा जवळपास एकच. पोलाद साधं असो की नामांकित, त्याचा स्थितिस्थापकतेचा गुणांक २०० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. म्हणजे एकाच मापाच्या दोन नळ्या, एक सायकलरिक्षाच्या पोलादाची आणि एक ८५३ ची, सारख्याच वजनाखाली सारख्याच वाकतील. फरक कळेल तो वजन बरंच वाढवल्यावर: एक वाकलेलीच राहील आणि दुसरी परत सरळ होईल. भारी पोलाद घेतल्याने फ्रेम आपोआप ‘जिवंत’ किंवा ‘मऊ’ होत नाही. ते फक्त बांधणाऱ्याला नळी पातळ घेण्याची मुभा देतं.

मग ताठपणा ठरवतं कोण? नळीचा व्यास. भिंतीची जाडी तीच ठेवून वरच्या दांडीचा व्यास २८.६ मिलीमीटरवरून ३१.८ केला, तर ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो, म्हणजे सुमारे ३७ टक्क्यांनी; वजन मात्र ११ टक्केच वाढतं. ऑर्डर देताना ‘कोणतं पोलाद?’ याच्याआधी विचारायला हवं ते हे: माझं वजन इतकं, सामान इतकं, तर कोणता व्यास आणि कोणती जाडी? पंचावन्न किलोच्या माणसाला पंचाण्णव किलोवाल्याच्या नळ्या घातल्या तर त्याला फ्रेम लाकडी वाटेल, आणि उलट केलं तर मागे सामान बांधून उतारावर हँडल थरथरेल. तयार सायकलीत कंपनी सगळ्यांत जड गिऱ्हाइकाचा विचार करून नळ्या निवडते, तो तिचा नाइलाज आहे. बांधून घेण्याचा खरा फायदा इथे आहे आणि तो स्टिकरवर कुठेच लिहिलेला नसतो. पातळपणाचीही एक सीमा असते. मध्ये ०.५ मिलीमीटरच्या खाली गेलेली रुंद नळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारची मोटरसायकल कलंडली तरी चेपते. शर्यतीच्या सायकलीला ते चालतं, कारण ती घरात राहते. रोजच्या सायकलीला ०.८–०.५–०.८ किंवा ०.९–०.६–०.९ ही मापं पुरेशी आहेत. एक बारकावा मात्र विचारावाच: फार छोट्या फ्रेमसाठी नळी कापताना जाड टोकाचाच भाग कापला जातो. तो किती उरेल, कोणत्या टोकाकडून कापणार, हे बांधणाऱ्याला सांगता आलं नाही, तर बटेड नळीचे पैसे कशाचे?

सांधा कसा असावा, यावर हौशी लोकांत जवळपास घराण्यांसारखे तट आहेत. जुन्या काळ्या बावीस-चोवीस इंची सायकलीच्या सांध्यांवर जे नक्षीदार कान दिसतात ते लग. त्यांत नळी बसवून पितळेने झाळायची. सुबक, दुरुस्तीला सोयीचं, पण लगचे कोन ठरलेले, त्यामुळे भूमितीला मर्यादा. टिग वेल्डिंगला कोनाचं बंधन नाही, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात टिगचा हात बसलेली माणसं जितकी आहेत तितकी महाराष्ट्रात क्वचितच कुठे असतील. अट एकच, नळी त्या कामाची असावी: ५३१ हे झाळायचं पोलाद आहे, टिगचं नाही, ४१३० आणि ८५३ टिगला उत्तम. यापलीकडे सांध्याची निवड ही सौंदर्यदृष्टीची बाब आहे आणि तिच्यावर रात्र जागवण्यात अर्थ नाही.

मापांवर मात्र जागावी. दुकानात सायकल ‘स्मॉल, मीडियम, लार्ज’ अशी मिळते, जणू सदरा आहे. पण एकशे पासष्ट सेंटिमीटर उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब आणि धड आखूड, दुसऱ्याचं उलट, हे अगदी सर्रास आढळतं. सीटची उंची पायांवरून ठरते. जांघेपासून जमिनीपर्यंतच्या मापाला ०.८८३ ने गुणायचं हा जुना ठोकताळा बऱ्यापैकी जवळ नेतो. सीट वरखाली होतेच, म्हणून ती अडचण नाही. अडचण हँडलची असते. पायडलच्या आसापासून हेडच्या वरच्या टोकापर्यंतचं उभं अंतर म्हणजे स्टॅक, आणि आडवं अंतर म्हणजे रीच. ऑर्डरच्या कागदावर हे दोन आकडे नसतील तर बाकी सगळं शोभेचं. स्टेम बदलून रीचमध्ये दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे करता येतं, स्टॅक मात्र हेडच्या लांबीने बांधलेला असतो. तो कमी पडला की वर वॉशरांची चळत चढवावी लागते आणि महागडी फ्रेम नळावर ठेवलेल्या बादल्यांच्या उतरंडीसारखी दिसते. चाळिशीनंतर पाठ जरा उभीच मागते. फोटोतल्या शर्यतपटूचं वाकणं आपल्या कमरेला मागू नये.

बुटक्या स्वारांचा, आणि त्यांत मोठ्या प्रमाणावर बायकांचा, प्रश्न आणखी अडतो. सातशे मिलीमीटरवाल्या मोठ्या चाकाभोवती छोटी फ्रेम कोंबली की वळताना चप्पल पुढच्या चाकाला लागते. इलाज फ्रेम ओढूनताणून लांब करण्यात नाही, चाक बदलण्यात आहे. सातशेच्या रिमचा टायर बसायचा व्यास ६२२ मिलीमीटर, साडेसत्तावीस इंचीचा ५८४. साडेसत्तावीसवर जाड, ४७ मिलीमीटरचा टायर घातला तर एकूण व्यास ५८४ अधिक ९४, म्हणजे ६७८ येतो. सातशेवर २८ चा बारीक टायर घातला तरी ६२२ अधिक ५६, म्हणजे तोच ६७८. उंची तितकीच राहते आणि हवेची गादी जाड मिळते. अगदी लहान चणीच्या व्यक्तीला साडेसत्तावीसवर चाळीसचा टायर घेतला की पायापुढे थोडी जागा मोकळी होते. दुकानांत माउंटन बाइकमुळे साडेसत्तावीसचे टायर सहज मिळतात, हे महत्त्वाचं. वरची दांडी खाली उतरवलेली ‘लेडीज’ फ्रेमही या निमित्ताने नीट विचारात घ्यावी. आपल्याकडे ती शाळकरी मुलींपुरती आणि बहुधा एकाच मापात मिळते, त्यामुळे तिला कमी लेखलं जातं. साडी नेसणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या किंवा मागच्या कॅरिअरवर मूल बसवणाऱ्या कुणालाही, बाई असो की पुरुष, पाय मागून फिरवण्यापेक्षा मधून ओलांडणं सोपं असतं. दांडी उतरवल्याने फ्रेमचा पीळ वाढतो, तो खालची नळी जाड घेऊन किंवा दोन बारीक नळ्या हेडपासून थेट मागच्या एक्सलपर्यंत नेऊन आवरता येतो. कारखान्याला हे परवडत नाही, एकट्या बांधणाऱ्याला परवडतं.

आता स्टिअरिंगचा हिशेब, जो बहुतेक ऑर्डरींत ‘बघा तुम्हीच’ म्हणून सोडला जातो. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची चाकं बघा: चाक आपल्या खिळीच्या मागे ओढलं जातं, म्हणून ते स्वतःहून सरळ होतं. सायकलीत चिमट्याच्या दांड्याची रेघ जमिनीला जिथे टेकते, त्याच्या मागे चाक टेकतं. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. हेडचा कोन ७२ अंश, ३५ मिलीमीटरचा टायर आणि चिमट्याचा पुढे काढलेला बाक ४५ मिलीमीटर असेल, तर ट्रेल साधारण ६५ मिलीमीटर येतो. तोच बाक ५५ केला की ट्रेल ५५ च्या आत उतरतो. जास्त ट्रेलची सायकल मोकळ्या रस्त्यावर हात सैल सोडला तरी सरळ जाते. पण हँडलवर पिशवी टांगली की ती जडशीळ होते, कमी वेगात डगमगते. कमी ट्रेलची सायकल पुढचं ओझं शांतपणे वाहते, मोकळी असताना मात्र थोडी चंचल वाटते. म्हणून प्रश्न असा हवा: सामान पुढे की मागे? स्पाइन रोडने पाळीला जाणारा मागे डबा बांधणार असेल तर त्याचं उत्तर वेगळं. दोनशे-तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब फेरी, करणारा पुढच्या पिशवीत खाणं आणि रेनकोट ठेवणार असेल तर वेगळं. दोघांनी एकाच फोटोवर बोट ठेवलं तर दोघांपैकी एक नक्की फसेल. मागे पिशव्या लावायच्या असतील तर चेनस्टेची, म्हणजे पायडलच्या आसापासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या नळीची, लांबी ४४० ते ४५० मिलीमीटर घ्यावी, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला टाच पिशवीवर आपटते.

रस्त्याचा विचार करायचा म्हणजे काय, हे या भागात समजावून सांगावं लागत नाही. चाकण-तळेगाव रस्ता, देहू-आळंदी रस्ता, कंटेनरच्या रांगा, कडेला साठलेली खडी, जूनपासून सप्टेंबरपर्यंत खड्ड्यांत दडलेलं पाणी. इथे २५ मिलीमीटरच्या टायरची फ्रेम बांधून घेणं म्हणजे लग्नाच्या चपला घालून नांगरायला जाणं. फ्रेममध्ये निदान ४० मिलीमीटरचा टायर बसेल आणि दोन्ही बाजूंना मडगार्डसह सहा-सहा मिलीमीटर मोकळी राहतील, एवढी जागा मागावी. बारीक टायर नंतर केव्हाही घालता येतो, जाड टायरची जागा मात्र नंतर काढता येत नाही. आरामाचा मोठा वाटाही टायरच उचलतो. पोलादाच्या लवचीकपणाची जी तारीफ ऐकू येते, तिचं निम्मं श्रेय हवेचं असतं. मडगार्डची भोकं, कॅरिअरची भोकं, सीटच्या नळीवर आणि खालच्या नळीवर बाटलीची, जमल्यास खालच्या नळीच्या पोटाशी तिसऱ्या बाटलीची: ही मागायला संकोचू नये, जोडताना त्यांना जवळपास काही लागत नाही. डिस्क ब्रेकचा कान मागच्या दोन नळ्यांच्या बेचक्यात आत बसवावा, म्हणजे कॅरिअरच्या आड येत नाही. रिम ब्रेक वाईट नाहीत, पण पावसाळ्यात रेती आणि ब्रेकचं रबर मिळून रिम पॉलिश पेपरसारखी खातात. आणि एक अगदी देशी मागणी, जी परदेशी नमुन्यांत सापडत नाही: स्टँडची पट्टी. आपल्याकडे सायकल भिंतीला टेकवून ठेवत नाहीत, स्टँडवर उभी करतात. पातळ चेनस्टेला बाजारातला स्टँड करकचून आवळला की नळी चेपते. त्या जागी एक छोटी पट्टी आधीच जोडून घेतली तर हा घाव टळतो. काही कारागीर नाकं मुरडतील, मुरडू द्यावीत.

तळाच्या बेअरिंगची, म्हणजे बीबीची, गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ‘नवं ते चांगलं’ या समजुतीला तिच्याइतकं चोख उत्तर दुसरं नाही. इंग्लंडमध्ये बीबीच्या आट्यांचं एक माप रुळलं: १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, चेनच्या बाजूला उलटे. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्याला आजही बीएसए म्हणतात. नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपला वेगळा संसार मांडला आणि इंचाला २६ आटे ठेवले. रॅले तेव्हा बलाढ्य होती, भाग स्वतःच बनवत होती, म्हणून चाललं. आज जुनी रॅले चालती ठेवणाऱ्यांना त्या दोन जास्तीच्या आट्यांपायी वणवण करावी लागते. फ्रेंच आणि स्विस मापांचंही हेच झालं. पुढे २००० मध्ये कॅननडेलने आटे नसलेली, बेअरिंग थेट दाबून बसवायची बीबी आणली. हलकी होती, व्यासाने मोठी होती, आणि फ्रेमचं भोक किंचित जरी वाकडंतिकडं असलं तर करकरत होती. तिच्या पाठोपाठ मापांचा पूर आला. शेवटी २०२० मध्ये स्पेशलाइज्डने आपल्या टारमॅक एसएल७ या शर्यतीच्या सायकलीवर पुन्हा आट्यांची बीबी बसवली. पोलादी फ्रेममध्ये तर नकाराचं कारणच उरत नाही: ६८ मिलीमीटर रुंदीची, आट्यांची, बीएसए. हाच नियम पुढे चालवावा. सीटचा दांडा २७.२ मिलीमीटरचा, कारण तो सगळीकडे मिळतो. हेडची नळी ४४ मिलीमीटरची, कारण तिच्यात सरळ दांड्याचा आणि तळाशी जाड होत जाणारा, असे दोन्ही चिमटे बसतात. गिअर आणि ब्रेकच्या केबली नळीच्या बाहेरून. आतून नेलेल्या केबली दिसतात छान, पण हँडलच्या बेअरिंगला ग्रीस लावायचं म्हटलं की अर्धी सायकल सोडावी लागते. भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो की कुरिअरने मागवावा लागतो, यावर सायकल चालू राहते की पंधरा दिवस टांगून राहते ते ठरतं.

पोलाद गंजतं, हा आक्षेप पावसाळी मुलखात खोटा म्हणता येणार नाही. पण पोलादी फ्रेम बाहेरून फारशी गंजत नाही, आतून गंजते. सीटच्या दांड्याच्या फटीतून शिरलेलं पाणी उतरत उतरत बीबीच्या खोबणीत साठतं, आणि वरचा रंग कितीही चकाकत असला तरी तिथे पोखरण चालूच राहते. बीबीच्या तळाशी पाणी निथळायचं एक भोक हवं, हे ऑर्डरमध्ये लिहूनच द्यावं. ते नाही म्हणून कुजलेल्या फ्रेमा पुष्कळ. याबाबतीत चिखलीच्या गिऱ्हाइकाचं नशीब बरं आहे. वाहनांच्या सुट्या भागांसाठी इथे सीईडी कोटिंग जॉबवर्कने करून मिळतं: भाग टाकीत बुडवून विजेच्या जोरावर रंगाचा पातळ थर चढवायचा आणि मग भट्टीत भाजायचा. फवारून मारलेली पावडर नळीच्या आत जाऊच शकत नाही; बुडवलेल्या फ्रेमच्या आत हा रंग जाऊ शकतो. पण एका अटीवर. नळ्यांना एकमेकींशी जोडणारी, हवा बाहेर आणि रंग आत सोडणारी भोकं पुरेशी मोठी असायला हवीत, नाहीतर आत बुडबुडा अडकतो आणि नेमकी तीच जागा कोरडी राहते. खोल पोकळीत विजेचा जोर कमी पडतो, त्यामुळे भोकं सढळ हाताने मागावीत. ती नळ्या जोडण्याआधी पाडायची असतात, म्हणजे रंगाचा निर्णयही अखेर ड्रॉइंगवरच घ्यावा लागतो. सीईडीवर मग हवा तो रंग द्यावा, पिवळाधमक द्यावा.

वजनाचा आक्षेप राहतो. चांगली बटेड पोलादी फ्रेम दोन किलोच्या आसपास भरते, तिच्या बरोबरीची ॲल्युमिनियमची काहीशी हलकी असते. समजा फरक सहाशे ग्रॅमचा. स्वार, सायकल, पाणी, हत्यारं, डबा मिळून पंचाऐंशी किलो होत असतील तर हा फरक ०.७ टक्के. वीस मिनिटांच्या चढावर, सगळा फरक वजनाच्याच खात्यात धरला तरी, आठ-नऊ सेकंद. शर्यत जिंकायची असेल तर ते सेकंद मोलाचे आहेत आणि तशा माणसाने कार्बनच घ्यावं. पोलादाचा आग्रह धरणं हा दुराग्रह ठरेल. दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे: हे सगळे श्रीमंतांचे चोचले नाहीत का? काही अंशी आहेत. ज्याला दुकानातली सायकल बसते, ज्याची कामं तिच्यावर होतात, त्याने फ्रेम बांधून घेऊ नये असंच मी म्हणेन. बांधून घ्यावी ती ज्याचं माप आणि ज्याचं काम यांची जोडी कारखान्याच्या कुठल्याच साच्यात बसत नाही त्याने. त्याला मात्र हा चोचला नसतो. चुकीच्या मापाची चांगली सायकल विकत घेऊन ती गॅलरीत धूळ खात ठेवणं, हे त्याहून महाग पडतं.

तिसरा आक्षेप इथलाच आहे. हे काम आपल्या शेजारचा फॅब्रिकेटर करणार नाही का? दोन मिलीमीटरच्या पाइपची चौकट जो झटक्यात उभी करतो, त्याला सायकल काय जड? हात असतो, यात शंका नाही. पण दोन मिलीमीटर माफ करतं ते ०.८ करत नाही: उष्णता एका बाजूला जास्त झाली की नळी ओढली जाते, आणि मागचं चाक कायमचं तिरकं बसतं. शिवाय चौकट एका जागी उभी असते. सायकलीला प्रत्येक पायडलगणिक उलटसुलट ताण येतो. आयएसओ ४२१० या मानकात फ्रेमला पायडलसारखा ताण एक लाख वेळा देऊन बघतात, ते यामुळेच. पोलाद कमी ताणाखाली कितीही वेळा वाकलं तरी थकत नाही, हा त्याचा मोठेपणा. पण वेल्डच्या कडेला पडलेली एक बारीक खाच त्या मोठेपणाला सुरुंग लावते. म्हणून विचारायचं ते ‘जमेल का?’ असं नाही. नळ्या नेमक्या धरून ठेवणारा जिग आहे का, टॅक, म्हणजे वेल्डचे तात्पुरते टाके, कोणत्या क्रमाने मारणार, आधी बांधलेल्या फ्रेमा किती वर्षं चालल्या आहेत, हे विचारायचं. सायकलीच्याच फ्रेमा बांधणाऱ्याकडे नळ्या जोडून घेऊन ड्रॉपआउट, गिअरचा हँगर, स्टँडची पट्टी हे छोटे भाग चिखलीतल्या सीएनसीवर करून घेणं हा मधला मार्ग बरा. हँगर तर एकाच ड्रॉइंगवर तीन करून ठेवावेत. सायकल पडली की आधी तोच वाकतो, आणि मागाहून एकच मागितला तर सेटिंगचा खर्च भागापेक्षा जास्त होतो.

ड्रॉइंग मालकाकडे असण्याला आणखी एक कारण आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली हजारो बांधकामं आणि पत्राशेड पाडली. भंगाराच्या गोदामांबरोबर छोटी वर्कशॉपंही गेली. ती कारवाई योग्य की अयोग्य, हा इथला विषय नाही. पण लहान कारागिराचा पत्ता कायमचा नसतो, एवढं तिच्यावरून दिसलंच, आणि सायकलीची फ्रेम तीस वर्षं टिकू शकते. प्रत्येक नळीचा व्यास आणि जाडी, हेडचा आणि सीटच्या नळीचा कोन, स्टॅक-रीच, बीबीचं माप, चिमट्याचा बाक, झाळायला किंवा वेल्डला वापरलेली तार, हे सगळं एका सही केलेल्या कागदावर घरी असेल, तर दहा वर्षांनी दुसऱ्या गावातला माणूसही ती नळी बदलू शकेल. बदल सुचवायचे तेही ड्रॉइंगवर, नवा क्रमांक टाकून. फोनवर ‘जरा लांब करा’ म्हणून नाही.

आणि पैशाचा शेवटचा हप्ता देण्याआधी, फ्रेम रंगायला जाण्याआधी, एक तपासणी गिऱ्हाइकाने स्वतः करावी. त्याला पट्टी आणि दोन मीटर सुतळ पुरतं. मागच्या एका ड्रॉपआउटला दोरी बांधायची, पुढे हेडच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणायची, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर मोजायचं. दोन्ही आकडे एक मिलीमीटरच्या आत जुळले तर मागचा भाग मध्यावर आहे. नाही जुळले तरी पोलाद असल्यामुळे ते थंड असतानाच हळूहळू वाकवून मध्यावर आणता येतं, जिगवर, दहा-पंधरा मिनिटांत. बीबीत उलटे आटे नीट फिरतात का, सीटचा दांडा तळापर्यंत उतरतो का, तळाचं भोक खरंच पाडलंय का, हे त्याच वेळी बघून घ्यावं. मग फ्रेम सीईडीच्या टाकीकडे जाऊ द्यावी.